आधी वजन सांगा

हरसिंगच्या दुकानात टायर घ्यायला गेलात तर तो तुम्हाला पहिल्यांदा वजन विचारतो. गाडीचं नाही, तुमचं. मग बायकोचं. मग विचारतो, सासू सोबत असते का. असली तर तिचंही सांगा. अंदाजाने सांगितलेलं त्याला चालत नाही. दाराशी धान्य मोजायचा एक जुना काटा ठेवलेला आहे, त्याच्यावर उभं राहावं लागतं. वसमतचे एक भरभक्कम ठेकेदार काट्यावर चढायला तयार होईनात, तर हरसिंगने त्यांना टायर न देता परत पाठवलं. ठेकेदार रस्त्यावरून ओरडले की मी टायर घ्यायला आलोय, फौजेत भरती व्हायला नाही. हरसिंग आतून म्हणाला, "भरतीत एकदाच मोजतेत. तुमी तर दर साली वाढून राहिले."

वजनाचं उरकलं की आकड्याचं सुरू होतं. टायरच्या बाजूवर मोठ्या अक्षरांच्या शेवटी एक बारीक आकडा छापलेला असतो. पंच्याण्णव, शंभर, एकशे चार, असा काहीतरी. बहुतेक गाडीवाल्यांनी तो जन्मात वाचलेला नसतो. तो एक टायर जास्तीत जास्त किती ओझं पेलेल, त्याची ती खूण. तो आकडा म्हणजे किलो नव्हे. त्याचा तक्ता असतो. पंच्याण्णव म्हणजे सहाशे नव्वद किलो, शंभर म्हणजे आठशे, एकशे आठ म्हणजे बरोबर हजार. हरसिंगने हा तक्ता दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिलाय, देवाच्या फोटोशेजारी. सकाळची उदबत्ती दोघांच्याही समोरून फिरते.

टायर काढला की हरसिंग त्या आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्याने तीनदा वाचतो. मग टायर तुमच्याकडे फिरवतो आणि म्हणतो, "आकडा बोला." तुम्हीही तीनदा बोलायचं. पुटपुटलेलं चालत नाही. औंढ्याला दर्शनाला निघालेली एक म्हातारी पंक्चरसाठी थांबली होती. आत हरसिंग "एकशे आठ, एकशे आठ, एकशे आठ" म्हणत होता आणि समोरचा जीपवाला तेच म्हणत होता. म्हातारीला वाटलं जप चाललाय. ती चपला काढून, हात जोडून बसली. हरसिंग तिच्यावरही चिडला.

चिडका तो आहेच. सकाळी शटर वर करतानाच तो चिडलेला असतो. कुणावर, ते पहिलं गिऱ्हाईक आल्यावर ठरतं. एका सरपंचाच्या मेहुण्याला त्याच्या जीपला मोबाइलमध्ये पाहिलेले रुंद, दांडगे टायर हवे होते, डोंगर चढणाऱ्या गाड्यांना असतात तसले. हरसिंगने विचारलं, डोंगर कुठे आहे. मेहुणा म्हणाला, डोंगर नाही, पण रुबाब पडतो. हरसिंग म्हणाला, "रुबाबाचं वजन किती हाय ते सांगा, तक्त्यात बघतो."

या गोष्टी मी पुष्कळदा सांगितल्या आहेत. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सेवानिवृत्तांच्या सहलीत. मी हरसिंगची नक्कल करतो. खांदा थोडा वाकवायचा, डोळे बारीक करायचे, बोट हवेत टेकवायचं आणि म्हणायचं, "आकडा बोला." लोक पोट धरून हसतात. जेवताना पुन्हा करायला लावतात. वसमत तालुक्यात हरसिंगला जेवढे लोक प्रत्यक्ष ओळखतात, त्याहून जास्त माझ्या नकलेमुळे ओळखतात.

आज मात्र मी त्याच गोष्टी हसवायला सांगितलेल्या नाहीत. मी शहात्तर वर्षांचा आहे, अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलंय, आणि हरसिंगचं हे वेड माझ्यामुळे त्याला लागलं. हे मी आजवर कुठे बोललो नाही. ज्यांना मी हसवलं त्या सगळ्यांनी आता पुढचंही वाचावं. मला त्यांचा राग येतो. माझा तर येतोच.

आमच्या गावाला लागूनच हरसिंगचा तांडा आहे, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे. माझा धाकटा भाऊ दिगंबर आणि हरसिंग सातवीपर्यंत एका बाकावर बसले. दोघेही सातवीतच थांबले. दिगंबर शेतीला लागला आणि हरसिंग नांदेडला एका टायरवाल्याकडे. पुढे त्याने वसमतला औंढा रोडवर पत्र्याचं दुकान टाकलं. आमच्या घरी माळ असल्यामुळे मासा चालत नसे. म्हणून दिगंबर दर आठवड्याला 'हरसिंगकडं काम हाय' म्हणून जायचा आणि धरणावरचे मासे तांड्यावर खाऊन यायचा. आई त्याच्या बोटांचा वास घ्यायची आणि मग त्याला आंघोळ केल्याशिवाय आत घ्यायची नाही. हरसिंगला मित्र हा एकच. इतक्या चिडक्या माणसाला एक मिळाला हेच फार, असं मी म्हणायचो.

हरसिंगच्या घरातले जुने लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरलेले. त्याच्या आजोबांनी त्याला एक रीत सांगितली होती. बैलावर गोणी टाकण्याआधी तांड्यातला जाणता माणूस त्याच्या पाठीवर दोन ठिकाणी हात दाबून बघायचा, आधी खांद्यापाशी, मग कमरेपाशी. खांदा पेलतो तेवढं कंबर पेलत नाही. गोणी अर्धा हात मागे सरकली की बैल रस्त्यातच बसतो. हरसिंग गाडीकडेही तसाच बघतो. आधी पुढे, मग मागे. हे मला माहीत होतं. मला ते गमतीचं वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी दिगंबरने एक जुनी जीप घेतली, मागे हौदा असलेली, चारही चाकांना जोर मिळणारी. आमच्या वावराची वाट म्हणजे काळी माती, पुढे ओढा, ओढ्याचा दगडी उतार. पावसाळ्यात तिथे दुसरी गाडी जात नाही. हरसिंगने तिला टायर बसवून दिले. अरुंद, कडक, जाड बाजूचे. आकडा एकशे आठ.

त्या टायरांनी माझी पाठ मोडली. मी वसमतहून गावी त्या जीपमध्ये जायचो आणि प्रत्येक दगड मला मणक्यात कळायचा. त्यात दिगंबरच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, आणि जीप दिसायला अगदीच दरिद्री. मी हरसिंगकडे गेलो आणि म्हणालो, रुंद आणि मऊ टायर दे. दिसायला बरे असतील असे. त्याने एका टायरकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हे तुम्हाला पाहिजेत तसे आहेत, पण पंच्याण्णवचे आहेत, मी देणार नाही.

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर सातवी शिकलेल्या माणसाने मला नाही म्हणावं हे मला लागलं. मी खिशातला खडू काढला. निवृत्त झाल्यावरही माझ्या खिशात खडू असायचा. खाली फरशीवर मांडलं: रिकामी गाडी सतराशे किलो, हळदीची चौदा पोती सातशे, तीन माणसं दोनशे. एकूण सव्वीसशे. भागिले चार. साडेसहाशे. पंच्याण्णवचा टायर, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सहाशे नव्वद पेलतो. चाळीस किलो शिल्लक राहतात. वर्गात मारायचो तशा उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

हरसिंग वाकून ते बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, भागाकार बराबर हाय. गाडी बराबर न्हाई."

मी विचारलं, म्हणजे काय?

"चौदा पोते कुठं ठेवता? बोनेटवर का?"

गिऱ्हाइकं हसली. मग त्याने मला बैलाचं सांगितलं. पाय चार असले तरी ओझं चार पायांवर सारखं वाटून बसत नाही. पोती सगळी मागे, तेव्हा मागच्या दोन चाकांवर पंधरा-साडेपंधराशे किलो येणार. एकेकाच्या वाट्याला पावणेआठशे. त्यात गाळात फसू नये म्हणून तुम्ही हवा कमी करता, आणि हवा कमी झाली की टायर आणखी कमी पेलतो. त्यात उतार. तो समजावून सांगत होता, चिडलाही नव्हता. त्या दिवशी मीच चिडलो होतो. मी त्याला म्हणालो की तू बैल हाक, गणित मला शिकवू नको. हे वाक्य मी बोललो. ते इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी जीप नांदेडला नेली आणि एका दुकानात तसलेच रुंद टायर बसवले. पंच्याण्णवचे. तिथे मला कुणी काही विचारलं नाही. जुने टायर तिथेच देऊन टाकले. जीप दिसायला झकास झाली. पाठही दुखेना.

गावी गेल्यावर दिगंबरने जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हरसिंगनं दिले का?"

दिगंबर हरसिंगशिवाय दुसऱ्या कुणाचा टायर लावायचा नाही. नाही म्हणालो असतो तर त्याने ओझं लादलं नसतं. आधी वसमतला जाऊन हरसिंगला विचारून आला असता. आणि मग हरसिंगने त्याला माझ्या भागाकाराची गोष्ट सांगितली असती. म्हणून मी म्हणालो, "त्यानंच."

सहाव्या दिवशी दिगंबरने वाळलेली हळद भरली, चौदा पोती. भरताना गड्यांना म्हणाला होता, हरसिंगचे टायर आहेत, घाला बिनधास्त. ओढ्याच्या उतारावर मागचा उजवा टायर फुटला, जीप कलंडली आणि दिगंबरचा पाय खाली सापडला.

पाय वाचला. वाकडा झाला, आखूड झाला, पण वाचला. दवाखान्यात दिगंबर येईल त्याला सांगायचा, हरसिंगच्या टायरनं माझं वाटोळं केलं. मी तिथेच बसलेलो असायचो. गावातली माणसं यायची, हळहळायची, हरसिंगला शिव्या घालायची आणि जायची. मी त्यांना चहा आणून द्यायचो.

तिसऱ्या दिवशी हरसिंग आला. हातात दुधाची किटली. दिगंबरने भिंतीकडे तोंड केलं. मी हरसिंगच्या कोपराला धरून त्याला बाहेर आणलं आणि म्हणालो, आत्ता नको. त्याने किटली खाली ठेवली आणि मला विचारलं, "गुरुजी, फुटलेल्या टायरवर आकडा काय व्हता? तुमी बघितला असंल."

मी म्हणालो, बघायला वेळ कुठे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः भंगारवाल्याला बोलावलं आणि जीप टायरांसकट उचलायला लावली. दिगंबरला सांगितलं की ती डोळ्यांसमोर नको. तो म्हणाला, दादा, तू होतास म्हणून.

आमच्या गावातून आणि आजूबाजूच्या चार गावांतून हरसिंगकडे कुणी जाईना. महिनाभर त्याने दुकान बंद ठेवलं. पुन्हा उघडलं तेव्हा दाराशी काटा होता, भिंतीवर तक्ता होता, आणि तो आकडा तीनदा वाचू लागला होता. याआधी यातलं काहीच नव्हतं. आधी तो चिडका पण साधा टायरवाला होता. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मी म्हणालो, आधीपासूनच जरा तसाच आहे. आणि सालभरात मी त्याची नक्कल करायला लागलो.

मी असं का केलं, हे मी स्वतःला विचारतो आणि मला उत्तर आवडत नाही. तो हास्यास्पद ठरला की त्याचं म्हणणंही हास्यास्पद ठरत होतं. बैलाची पाठ, खांदा आणि कंबर, सगळंच. लोक हसायचे तेव्हा माझा भागाकार बरोबर ठरायचा.

गेल्या महिन्यात कळलं की हरसिंग दुकान बंद करतोय. मी गेलो. खरं सांगायचं तर नकलेत घालायला शेवटचं काही मिळेल म्हणूनही गेलो असेन. दुकान अर्धं रिकामं झालं होतं. त्याची मुलं पुण्याला, बायको वारलेली. एकटाच टायरांच्या ढिगावर बसला होता. मी विचारलं, काहून रे, दुकान चांगलं चाललंय की.

"डोळ्याला दिसत न्हाई, गुरुजी. ऑपरेशन केलं तरी बारीक आकडा हलतो."

मी म्हणालो, गिऱ्हाइकाला वाचायला लाव.

त्यावर तो भडकला. एवढा भडकलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. गिऱ्हाईक काय वाचणार, म्हणाला, गिऱ्हाइकाला रुबाब पाहिजे. मग त्याने हातातला पाना खाली टाकला. "एकदा चुकलो मी. तुमी त्या दिशी टायर न घेताच गेल्ते, म्हंजी जीपला माझेच व्हते. दिगंबरला मी एकशे आठच दिले व्हते असं मला वाटते. पन नुसतं वाटून काय व्हते? अकरा साल झाले, मी रोज त्याचे टायर चढवून राहिलो, हितं, डोस्क्यात. एखाद दिशी एकशे आठ दिसते. एखाद दिशी अठ्ठ्याण्णव दिसते. म्या बराबर बघितलंच न्हाई त्या दिशी. बघितलं असतं तर त्याचा पाय..."

मला वाटत आलं होतं की हरसिंग सगळ्या तालुक्यावर चिडलेला आहे. तो फक्त स्वतःवर चिडलेला होता. लोकांनी त्याला दोष दिला हे मला माहीत होतं. त्याने तो स्वतःकडे घेतलाय हे मला माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मी काहीच न बोलता घरी आलो. हेही लिहून ठेवतो. तिथेच सांगायला हवं होतं. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. सून म्हणाली, तुमचा बीपी तपासून घ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुकानात गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नांदेड, पंच्याण्णव, 'त्यानंच', भंगारवाला, नक्कल. नकलेचं त्याला माहीत होतं. म्हणाला, ते राहू द्या.

मग बराच वेळ तो टायर रचत राहिला. रचलेले पुन्हा उतरवले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"मला काहून सांगता? मला न्हाई सांगायचं. दिगंबरला सांगायचं. माझ्या म्होरं सांगायचं. फोनवर न्हाई, चिठ्ठीत न्हाई."

मी म्हणालो, दिगंबरला मी आधी एकटा भेटून जरा तयारी करतो. त्याच्या मनाची. हरसिंगने दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाला, बसा गाडीत.

त्याच्या जुन्या जीपमध्ये आम्ही निघालो. डोळ्यांना बारीक दिसत नसलं तरी रस्ता दिसतो, असं तो म्हणाला, आणि खड्डा एकही चुकवला नाही. माझी पाठ दगडासारखी झाली. मी तक्रार केली नाही. कालव्याच्या पुलावर तो म्हणाला, "उतरवताना माझे टायर तुमी बघितले व्हते?"

"बघितले होते."

"आकडा?"

"एकशे आठ. चारही."

त्याने जीप कडेला घेतली, खाली उतरला आणि उसाच्या शेताकडे तोंड करून उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. एक ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरवाल्याने विचारलं गाडी बंद पडली का, तर हरसिंगने त्याला हाताने जा म्हटलं. परत येऊन बसला तेव्हा त्याने रुमालाने सगळं तोंड पुसलं होतं, कपाळसुद्धा.

"अकरा साल, गुरुजी," तो म्हणाला. "कुत्रं बी चावल्याबिगर कोनी इतके दिस बांधून ठेवत न्हाई."

त्याच्या जागी मी असतो तर मला मारलं असतं.

दिगंबर अंगणात बाजेवर बसला होता, काठी मांडीशी. हरसिंग फाटकातून आत येताना दिसला तसा त्याने काठी हातात घेतली आणि मला विचारलं, हा इथं काहून आला. मी म्हणालो, बस, सांगायचंय. आणि सांगितलं. वाटलं होतं फार वेळ लागेल. पाच मिनिटं लागली. अकरा वर्षं लपवलेली गोष्ट पाच मिनिटांची निघाली. मी कुठलाही शब्द मऊ केला नाही. केला असता तरी हरसिंग तिथे उभा होता.

दिगंबर सगळं ऐकून घेईपर्यंत माझ्याकडे बघत होता. नंतर बघितलं नाही. म्हणाला, "दादा, तू लेकरांना भागाकार शिकवत व्हतास ना?"

मी हो म्हणालो.

"लोकांच्या लेकरांना," तो म्हणाला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "चहा ठेव. दोन कप."

त्याची बायको दारात आली, आम्हा तिघांना बघून म्हणाली, तीन ना?

"दोन," दिगंबर म्हणाला. "दादा चाललाय."

मी फाटकाशी गेलो. जायला गाडी नव्हती. एसटीला अजून वेळ होता, आणि खरं तर मला तिथून हलवतही नव्हतं. मी बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. अंगण तिथून दिसत होतं.

हरसिंग अजून बसला नव्हता. बाजेपासून चार हातांवर, हात मागे घेऊन उभा. दिगंबर त्याला म्हणाला, बस ना आता. हरसिंग बसला नाही. मला वाटलं आता तो चिडणार, एवढ्या वर्षांचं सगळं बाहेर काढणार. आणि त्याचा तो हक्क होता. तो म्हणाला, "पाय दाखव."

"आता काय बघतूस?"

"दाखव म्हनतो ना."

दिगंबरने काठी बाजूला ठेवली आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. हा पाय तो कुणाला दाखवत नाही. उन्हाळ्यातसुद्धा झाकून ठेवतो, मलाही वर्षानुवर्षं दाखवलेला नाही. हरसिंग खाली उकिडवा बसला. त्याला बारीक दिसत नाही, म्हणून त्याने तोंड अगदी पायाजवळ नेलं आणि गुडघ्यापासून बोटांनी चाचपत चाचपत घोट्यापर्यंत आला. जिथे हाड वाकडं जुळलंय तिथे थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"मला लोकायनं सांगितलं व्हतं, नकली बसवला म्हून," तो म्हणाला.

"माझाच हाय. नकली कशाला?"

"काठी घेऊन चालताना लांबून बघायचो मी. बाजारात. तुला वाईट वाटंल म्हून जवळ येत नव्हतो."

दिगंबरने हरसिंगच्या खांद्यावर हात ठेवला, की तोल सावरायला ठेवला, मला तिथून कळलं नाही.

"दुखते का रे?" हरसिंगने विचारलं.

"थंडीत दुखते."

"मंग थंडीत उघडा नको ठेवू," हरसिंग म्हणाला, आणि चिडलेल्या आवाजातच म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी पायजमा हळूहळू खाली घेतला, घोट्यापर्यंत, आणि त्याच्या सुरकुत्या सारख्या करत तो तिथेच खाली बसून राहिला. चहा आला तरी उठला नाही.